रक्तातलं एक अक्षर : नागपूर, सिकलसेल आणि सुटून गेलेली चूक

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग नेहमीपेक्षा जरा वेगळा आहे. आपण इथे भोसल्यांबद्दल बोललो, सीताबर्डीच्या लढाईबद्दल बोललो, संत्र्यांवर तर अख्खा तास घालवला. आजचा इतिहास मात्र माझ्या घरातून सुरू होतो. तो सांगायला मी ताईची रीतसर परवानगी घेतलीय. ती म्हणाली, "सांग, पण रडका करू नको." प्रयत्न करतो.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे तपासणी शिबीर लागलं होतं. बोटाला टोचलं, थेंबभर रक्त घेतलं, केळं आणि बिस्किटाचा पुडा दिला. काही दिवसांनी एक पिवळं कार्ड हातात आलं. त्यावर लिहिलं होतं : एएस. म्हणजे सिकलसेलचा वाहक. मला स्वतःला आजार नाही, पण त्याचं एक जनुक माझ्यात आहे. पांढरं कार्ड म्हणजे काही नाही, पिवळं म्हणजे वाहक, लाल म्हणजे रुग्ण. मी कार्ड घरी आणून आईला दाखवलं. तिने ते वाचलं, घडी केलं आणि गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली ठेवलं.

"कोनाले काहून सांगतं? ताईचं लग्न व्हाचं हाये अजून."

कार्ड माझं, भीती ताईच्या लग्नाची. आता लक्षात घ्या, मी वाहक आहे म्हणजे आई किंवा बाबा, दोघांपैकी कोणी तरी वाहक असणारच. मग ताई वाहक असण्याची शक्यता बरीच. तिची तपासणी तेव्हाच व्हायला हवी होती. झाली नाही. लग्न झालं. भाऊजींचीही तपासणी झालेली नव्हती, कोणी विचारलंही नव्हतं. माझा भाचा दहा महिन्यांचा असताना त्याचे हातपाय सुजले, बोटं फुगली, रात्ररात्र रडायचा. एका दवाखान्यात रक्त कमी आहे म्हणून महिनोन्महिने लोहाचं टॉनिक दिलं. शेवटी मेडिकलला नेलं. (बाहेरच्यांसाठी : नागपुरात 'मेडिकल' म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि 'मेयो' म्हणजे दुसरं.) तिथे इलेक्ट्रोफोरेसिस झालं. रिपोर्ट एसएस. लाल कार्ड.

आणि मग घरात जे सुरू झालं ते तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. हे कोणाकडून आलं? आमच्या घराण्यात असं काही नव्हतं. तुमच्याच घराण्यात असेल. दोन्ही घरं एकमेकांच्या मेलेल्या माणसांची यादी काढून बसली : अमका काका लहानपणी गेला, तमकी आत्या नेहमी आजारी असायची. हे सगळं ऐकताना मी ठरवलं की कोणाकडून आलं याचं खरं उत्तर शोधायचं. पार मुळापर्यंत.

तर चला.

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक नावाच्या डॉक्टरने एक निबंध छापला. त्याच्याकडे वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण यायचा, ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या रक्तात गोल तांबड्या पेशींच्या जोडीला लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. सिकल म्हणजे विळा, नाव तिथून पडलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की गडबड हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. रेणूतला आजार म्हणून ओळखला गेलेला हा पहिला आजार.

पण रेणूत नेमकं कुठे? आता तारखेकडे लक्ष द्या. केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याने हिमोग्लोबिनचे रासायनिक कात्रीने बारीक तुकडे केले आणि ते कागदावर पसरवले. प्रत्येक तुकड्याचा कागदावर एक ठिपका. निरोगी माणसाचे ठिपके एकीकडे, सिकलसेलच्या रुग्णाचे दुसरीकडे. सगळे ठिपके जागच्या जागी, फक्त एक सरकलेला. त्याचा हा शोध 'नेचर' या साप्ताहिकात छापून आला तो दिवस होता १३ ऑक्टोबर १९५६, शनिवार.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, नागपुरात काय झालं हे या शहरात कोणाला सांगावं लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६. बाबासाहेबांनी लाखोंच्या साक्षीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. माझे आजोबा त्या गर्दीत होते. एकोणीस वर्षांचे. ते शेवटपर्यंत सांगायचे की त्या दिवशी धूळ इतकी होती की पांढरे कपडे संध्याकाळी मातीच्या रंगाचे झाले.

योगायोगच आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. पण मी जेव्हा त्या दोन तारखा पहिल्यांदा शेजारीशेजारी पाहिल्या तेव्हा फोन खाली ठेवला. उच्च रक्त, नीच रक्त ही भाषा सोडायला माणसं एका मैदानावर जमली होती, आणि आदल्याच दिवशी छापलेलं एक संशोधन सांगत होतं की रक्तात खरोखर काय लिहिलेलं असतं.

पुढच्या वर्षी, १९५७ मध्ये, इन्ग्रॅमने फरक पूर्ण ओळखला. हिमोग्लोबिनची बीटा साखळी १४६ मण्यांची असते. त्यातला सहावा मणी बदललेला. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बाकी सगळं सारखं. पुढे जनुकांची लिपी वाचता आली तेव्हा कळलं की डीएनएमध्ये तिथे जीएजी हवं होतं, ते जीटीजी झालंय. एक अक्षर. ए च्या जागी टी. त्या एका अक्षरामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या बनतात, पेशी वाकडी होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. त्या अडकण्याचं दुखणं काय असतं ते भाच्याला विचारा. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम दहा ते वीस दिवस.

तोवर इकडे आपल्या शहराचं नशीब बदललं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मध्य प्रदेशची राजधानी राहिलं नाही, मुंबई राज्यात आलं. आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात दोन पानांचा एक लेख आला. लेखक शुक्ला आणि सोलंकी. विषय : मध्य भारतातलं सिकलसेल. नागपूरच्या लोकांच्या रक्तात विळ्याच्या पेशी सापडल्याची ती नोंद. (शहर मुंबई राज्यात जाऊन दीड वर्ष होत आलं होतं, तरी शीर्षकात 'सेंट्रल इंडिया'च. सवय मोडायला वेळ लागतो.) भारतात याआधी १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांनी सिकलसेल दाखवलं होतं. पण तो डोंगरातला लांबचा विषय होता. नागपूर म्हणजे रेल्वे जंक्शन, कापडगिरण्या, मोठी वस्ती.

त्या काळची तपासणी सोपी होती. रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, वर काच ठेवून कडा बंद करायच्या म्हणजे हवा जात नाही. काही तास थांबायचं. आतला प्राणवायू संपत जातो आणि ज्या पेशी वाकायच्या त्या वाकतात. मला ही तपासणी आवडते. ती जात विचारत नाही, आडनाव विचारत नाही. पण ती करणाऱ्या समाजाला आडनावं विचारायची सवय होती, म्हणून पुढे काय झालं? "हा त्यांच्यातला आजार." विदर्भात पूर्वाश्रमीचे महार, गोंड, परधान, माडिया, तेली, कुणबी अशा अनेक समाजांत हे जनुक कमीअधिक प्रमाणात सापडतं. तरी शाळेत माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला सांगितलं होतं की सिकल फक्त 'तुमच्यात' असतं. त्याची तपासणी झालेली नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

आता मूळ प्रश्न. हे अक्षर बदललं कसं, आणि बदललं तर दुरुस्त का नाही झालं? कारण आपल्या पेशींमध्ये दुरुस्तीची यंत्रणा आहे, आणि ती भन्नाट आहे.

प्रत्येक पेशीत डीएनएची सुमारे ३०० कोटी अक्षरं, तीही दोन प्रतींत. उन्हाने, उष्णतेने, पेशीच्या स्वतःच्या रसायनांनी प्रत्येक पेशीत रोज हजारो ठिकाणी इजा होते. ती रोज दुरुस्त होते. नाही झाली तर आपण जगूच शकलो नसतो. हे सगळं कळायला कुठून सुरुवात झाली ते सांगताना मला एका बाईबद्दल बोलायचंय, थोडं जास्तच बोलणार आहे.

एव्हलिन विटकिन. जन्म १९२१, न्यूयॉर्क. कॉलेजात असताना त्यांच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघात लेनर्ड बेट्स नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू होता. मिसूरीच्या संघाविरुद्ध सामना होता आणि समोरच्यांना काळा खेळाडू चालणार नव्हता, म्हणून विद्यापीठाने त्यालाच घरी बसवलं. विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं. १९४१ मध्ये त्यातल्या सात जणांना तीन महिन्यांसाठी निलंबित केलं, त्यात एव्हलिन होत्या. पदवी लांबली, तिथेच पुढे शिकायचा बेत मोडला, आणि त्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या. तिथे जनुकशास्त्र भेटलं. म्हणजे बघा, डीएनए दुरुस्तीच्या विज्ञानातलं एक मोठं नाव त्या वाटेला लागलं ते वर्णभेदाविरुद्ध उभं राहिल्याची शिक्षा म्हणून! विद्यापीठाने त्या सात जणांचा सन्मान केला तो २००१ मध्ये. साठ वर्षांनी. असो.

१९४४ च्या उन्हाळ्यात त्या कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत गेल्या. काम मिळालं : जिवाणूंवर अतिनील किरण सोडायचे आणि म्युटेशन बघायचे. पहिल्याच प्रयोगात किरणांचा मारा जास्त झाला, जवळजवळ सगळे जिवाणू मेले. मोजून चार वसाहती उरल्या. दुसरा कोणी असता तर बशी धुऊन टाकली असती. विटकिनबाईंनी विचारलं, हे चार का वाचले? ते किरणांना दाद न देणारे निघाले. तो प्रश्न त्यांनी पुढची कित्येक वर्षं सोडला नाही. त्यातून आणि मिरोस्लाव राडमन यांच्या कामातून कळलं की डीएनएला फार इजा झाली की जिवाणू आणीबाणीची यंत्रणा चालू करतो. जहाज बुडताना पाठवतात तो एसओएस संदेश, तेच नाव तिला पडलं. ही यंत्रणा घाईत काम उरकते आणि त्या घाईत चुका सोडते. म्हणजे काही म्युटेशन थेट किरणांनी होत नाहीत, जीव वाचवण्याच्या धडपडीत पेशी स्वतःच करते. २०१५ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये, १०२ वर्षांच्या असताना त्या गेल्या.

हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग आपलं अक्षर का सुटलं? डीएनएमध्ये ए समोर टी बसतो, जी समोर सी. नक्कल करताना चुकून ए समोर ए बसला, तर जोडी बसत नाही, फुगवटा येतो. दुरुस्तीवाले प्रथिनं तो फुगवटा पकडतात, कापतात, बरोबर अक्षर लावतात. पण त्यांना वेळ असतो तो पुढची नक्कल निघेपर्यंतच. तेवढ्यात सुटलं, की पुढच्या नकलेत चुकीच्या अक्षरासमोर त्याचा बरोबर जोडीदार येऊन बसतो. आता दोन्ही बाजू जुळतात. फुगवटा नाही, तक्रार नाही.

झेरॉक्सच्या दुकानात मूळ कागद आणि प्रत शेजारी ठेवली तर चूक दिसते. पण मूळ कागद हरवला आणि चुकलेल्या प्रतीचीच प्रत काढली, तर दोन्ही अगदी सारख्या. तपासणारा म्हणेल, छान आहे.

इजा आणि म्युटेशन यातला फरक हाच. इजा पेशीला दिसते. म्युटेशन दिसत नाही, कारण रसायनाच्या दृष्टीने तो निखळ, धडधाकट डीएनए असतो. माझ्या भाच्याच्या रक्तातला डीएनए 'खराब' नाही, 'दूषित' नाही. त्याची पेशी त्याची इमानदारीने नक्कल करते, जशी माझी करते, तुमची करते. हे मला कळलं त्या दिवशी मी ताईला फोन करून अर्धा तास हेच समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे कोणाचीच चूक नाही?" मी म्हटलं, एकाची आहे, पण तो हजारो वर्षांपूर्वी मेला.

किती हजार? १९८६ मध्ये कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी या जनुकाच्या आजूबाजूची अक्षरं तपासली. ओडिशा आणि पूर्व सौदी अरेबियातल्या रुग्णांचा नमुना एकसारखा, आणि आफ्रिकेतल्यांपेक्षा वेगळा. निष्कर्ष : आशियात हा बदल स्वतंत्रपणे झाला. पुढे २०१८ मध्ये श्राइनर आणि रोटिमी यांनी संपूर्ण जनुकसंच वाचून सांगितलं की सगळ्यांचं मूळ एकच, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी, आफ्रिकेतल्या एका माणसात. भारतातल्या शाखेचा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. पण दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी आमच्या दोन घरांचं भांडण निकाली निघतं. तेव्हा घराणी नव्हती, आडनावं नव्हती, नागपूर नव्हतं.

आणि ते टिकलं का? १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी दाखवलं : एक जनुक असलेल्या मुलांना मलेरियाचा जोर कमी बसतो. जंगल, दलदल, डास, आणि औषध नाही. अशा ठिकाणी माझ्यासारखी पिवळ्या कार्डाची पोरं जास्त वाचली, त्यांना पोरं झाली. गडचिरोलीच्या जंगलात मलेरियाने माणसं कशी जातात हे तिथे काम केलेल्या कोणालाही विचारा. माझा कोणी तरी पूर्वज त्या जनुकामुळे जगला असेल, म्हणून मी आज हा माईक धरून बसलोय. किंमत मात्र दुसऱ्याने मोजली. दोन वाहकांचं लग्न झालं की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएस मुलाची. आणि ती दोघांकडूनच येते, एका घरातून येऊच शकत नाही. घरात हे सांगितल्यावर पाच मिनिटं कोणी बोललं नाही, मग भाऊजींनी चहा टाकला.

आता भाच्याबद्दल. तो सात वर्षांचा आहे, रोज एक कॅप्सूल घेतो, हायड्रॉक्सीयुरिया. हे रसायन १८६९ मध्ये जर्मनीत बनलं, नंतर रक्ताच्या कॅन्सरवर वापरलं गेलं. ते डीएनएची अक्षरं बनवणाऱ्या एका एन्झाइमला आवर घालतं. त्याच्या परिणामाने मज्जेत गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं, जे जन्मानंतर बंद होत जातं. ते दोऱ्या होऊ देत नाही. अमेरिकेत १९९५ मध्ये मोठ्या चाचणीत फायदा दिसला. पण आपल्या मुलांना किती द्यायचं? मेडिकलच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं की दर किलो वजनाला १० मिलिग्रॅम एवढ्या ठरावीक कमी मात्रेनेही आजाराने बेजार झालेल्या मुलांची दुखणी घटतात. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च आणि रक्ततपासणीच्या कमी चकरा. गडचिरोलीहून बसने येणाऱ्या आईला याचा अर्थ काय, हे लिहून कळत नाही. १९५८ ची ती दोन पानं महत्त्वाची आहेतच. पण मला विचाराल तर नागपूरचं मोठं काम हे आहे.

दुसरं एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संपत रामटेके. नागपुरात सिकलसेलच्या रुग्णांसाठी त्यांनी आयुष्य घातलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले आणि त्यात सिकलसेल आलं. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय अभियान सुरू झालं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य घेऊन.

आणि आता विटकिनबाईंकडे परत. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने कॅसजेवी या उपचाराला मान्यता दिली, डिसेंबरात अमेरिकेने. क्रिस्पर नावाची कात्री वापरून जनुक कापायचं. ऐकून वाटतं की ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करत असतील. नाही! त्याला हातही लावत नाहीत. ते दुसरीकडे, गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणाऱ्या बटणापाशी काप देतात. मग पेशीची स्वतःची दुरुस्ती यंत्रणा धावत येते, घाईत टोकं जोडते आणि दोन-चार अक्षरं गाळते. बटण निकामी. दुरुस्तीची घाई हीच तर युक्ती आहे. जुनी चूक तशीच ठेवून नवी चूक मुद्दाम करवून घ्यायची. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, शिवाय आधी मज्जा रिकामी करायला केमोथेरपी. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने 'बिरसा १०१' हा भारतीय उपचार जाहीर केला, बिरसा मुंडांच्या नावाचा, त्यात पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट भागीदार आहे. आम्ही घरी त्या बातमीची लिंक एकमेकांना पाठवली. भाऊजींनी फक्त विचारलं, "मेडिकलमध्ये कधी येईल?"

तपासणी सरकारी दवाखान्यात होते, थेंबभर रक्त लागतं. लग्न ठरायच्या आधी करा, साखरपुड्यानंतर नको. दोघं वाहक निघालात तरी जग बुडत नाही, समुपदेशकाला भेटा, गरोदरपणात तपासणीचा मार्ग असतो.

माझंही आता बघणं चाललंय. बायोडेटा मीच टाइप केला. उंची, शिक्षण, नोकरी, आणि त्याखाली : सिकलसेल तपासणी, एएस. प्रिंट काढून आईसमोर ठेवली. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, बराच वेळ. मग कपाट उघडून साड्यांखालून ते पिवळं कार्ड काढलं, कोपरे पिवळ्याचे पांढरे झालेले, आणि माझ्या हातात दिलं.

"याची पन झेरॉक्स जोड मंग. नुसतं लिवलं त लोकं इस्वास नाई ठेवत."

चला, भेटू पुढच्या भागात.